सतरावी सूचना

१

नवरा आफ्रिकेत सिंह बघायला निघाला म्हटल्यावर दुसरी एखादी बाई रडली असती, नाहीतर निदान चार दिवस रुसून तरी बसली असती. विद्यानं वही काढली.

तिचा स्वभावच तसला. काही नवं दिसलं की ते तिला मुळापासून हवं. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं चामराजपेटच्या भाजीवाल्याकडून साठ कन्नड शब्द लिहून घेतले होते. तो बिचारा नंतर तिला लांबून बघितलं की गाडी पुढं ढकलायचा. नवरा रत्नाकर सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर होता. दिवसभर दुर्बिणींची भिंगं आणि घरी आल्यावर कॅमेरा, एवढंच त्याचं जग. चिक्कमगळूरचे एक कॉफीमळेवाले होते, प्राणेशराव म्हणून. ते चार मित्रांना घेऊन केनियात सफारीवर निघाले होते आणि त्यांना सोबत फिल्म काढणारा माणूस हवा होता. त्यांनी रत्नाकरला विचारलं आणि त्याचे पाय जमिनीला लागेनात.

"तीन महिने रजा मिळतेय. मुंबईहून बोट, मग आगगाडी, मग तंबू! अशी संधी पुन्हा यायची नाही गं."

"आणि मी?"

"तू आलीस तर सिंहाला कन्नड शब्द विचारत बसशील."

विद्या हसली खरी, पण तिला ते लागलं. ह्या गावात तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं आणि तेच निघालं होतं. मग तिनं ठरवलं, आपल्याला जाता येत नाही ना, मग माहिती तरी सगळी आपली असली पाहिजे. माणूस असा तयार करून पाठवायचा की तो जसाच्या तसा परत आला पाहिजे.

माहिती कुठं मिळणार हेही तिनं दोन दिवसांत हुडकलं. त्याच गल्लीत, चार घरं सोडून, एका कौलारू घरात कल्लाप्पा नावाचा म्हातारा राहायचा. मूळचा खानापूरकडचा. तरुणपणी नैरोबीत एका सफारी कंपनीत तंबूवर स्वयंपाकी होता, आणि परत येऊनही पंचवीस वर्षं झाली होती. गल्ली त्याला सफारी कल्लाप्पा म्हणायची. साठीचा, काटक, कायम धुतलेला सदरा घालणारा माणूस. त्यानं तिला बसायला पाट दिला, कॉफी दिली, आणि तासभर मन लावून सगळं सांगितलं.

उठताना विद्या म्हणाली, "येते हं काका."

आता ह्याला उत्तर काय असतं? 'या'. लहान पोराला कळतं. कल्लाप्पानं तिच्याकडं शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "जावा."

विद्या जागच्या जागी लाल झाली. घरी येईपर्यंत तिचं नाक मुरडलेलंच होतं.

२

पण वही अर्धीच भरली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी राग गिळून ती पुन्हा गेली. नोव्हेंबरचं सौम्य ऊन ओसरीवर आलं होतं. ओसरीच्या आत एक माजघर, आणि माजघरातून आणखी आत जायच्या दाराला जाडसर कॅनव्हासचा पडदा. तंबूचंच कापड असावं.

"लिवा अक्का," कल्लाप्पा म्हणाला. बेळगावकडचे लोक बाईमाणसाला अक्का म्हणतात ते तिला आता सवयीचं झालं होतं. "पांढरी कापडं न्यायची न्हाईत, लांबनं दिसत्यात. काळं-निळं तर नकोच, त्याच्यावर एक चावरी माशी बसतीया. खाकी घ्या, मातीच्या रंगाचं. आणि स्वेटर. तिकडं ऊन लई, पण सांजचं थंडी पडती."

विद्यानं लिहिलं. बूट घालण्याआधी उलटे करून झाडायचे, आत विंचू बसतो. तापाच्या गोळ्या बोटीवरच सुरू करायच्या. पिवळ्या तापाची लस दहा दिवस आधी टोचायची आणि कागद जपायचा. पाणी उकळलेलंच. कॅमेरा मेणकापडात, कारण धूळ कुठंही शिरते. मोटारीतून कुणाच्याही सांगण्यावरून उतरायचं नाही.

"पाणघोडा काठावर दिसला तर त्याच्या आणि पाण्याच्या मधी उभं ऱ्हायचं न्हाई. सिंव्हापरीस त्याचं भ्या जास्त."

"आणि सिंह समोर आला तर?"

"पळायचं न्हाई."

"पळालं तर?"

"तर मग पुढची सूचना लिवायची गरज न्हाई."

विद्या खुदकन हसली. म्हाताऱ्याचा राग तिच्या मनातून पार गेला. सफारी म्हणजे शिकार नव्हे, हेही त्यानं सांगितलं. तिकडच्या भाषेत सफारी म्हणजे नुसता प्रवास. कुणी मामाच्या गावाला निघाला तरी ती सफारीच. आणि तिथली माणसं फार रीतीची. दाराशी आलं की 'होदी' म्हणून हाक देतात, आतून 'करीबू', म्हणजे 'या', असं म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत.

तो हे सांगत असतानाच आतल्या खोलीत पत्र्याचा डबा खणकला. कुणीतरी घसा खाकरला आणि मोकळ्या, भरदार आवाजात म्हणालं, "येतो रे कल्लू."

कुणी बाहेर निघालंय असं समजून विद्यानं पदर सावरला आणि पाट बाजूला घेतला. पडदा हलला नाही. कुणी आलं नाही. कल्लाप्पा मात्र जरा जोरात बोलायला लागला, साखर डब्यात घट्ट बंद करावी, मुंग्या फार, असलं काहीतरी.

३

तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी तसंच. दुपारी तीनच्या सुमाराला डबा खणकायचा, घसा खाकरायचा, "येतो रे कल्लू." आणि बाहेर कुणी नाही.

दुसरी बाई असती तर म्हणाली असती, असेल कुणी, आपल्याला काय करायचंय. विद्याला रात्री भाकरी थापतानाही तेच डोक्यात. कल्लाप्पाला 'कल्लू' म्हणणारा माणूस त्याच्याहून थोरला असणार. म्हणजे पासष्ट-सत्तरचा. पण आवाज तर चाळिशीतल्या माणसाचा होता, खणखणीत. बरं, निघालेला माणूस गेला कुठून? मागच्या दारानं? बाजारला जायच्या निमित्तानं तिनं घराला वळसा घातला. मागं परसदार नव्हतंच. घराची मागची भिंत आणि लाकडाच्या वखारीची भिंत एकमेकींना चिकटलेल्या होत्या, मधून मांजरही गेलं नसतं.

भांडी घासायला येणारी ठकुबाई दोन्ही घरं करायची. विद्यानं तिला सहज म्हणून विचारलं, "काय गं, कल्लाप्पाकाकांकडं आणखी कोण असतं?"

ठकुबाई राख चोळत म्हणाली, "म्यां बघितलं न्हाई बाई. ताटं दोन असत्यात. एक रिकामं, एक भरल्यालं. भरल्यालं मी गाईला घालती."

"तू विचारलं नाहीस?"

"कशाला इचारू? गाय तर खात न्हाई ते. हुंगती आणि मागं सरती."

पाचव्या दिवशी विद्यानं मोजलं. डबा खणकला की मनात आकडे सुरू. चारावर घसा, सहावर "येतो". सहाव्या दिवशी चारावर घसा, सहावर "येतो". शब्दाची उंची तीच, 'रे' वरचा हलका झोल तोच. माणूस रोज एक गोष्ट बोलतो तेव्हा ती रोज थोडी वेगळी होते. कधी घाई असते, कधी कंटाळा असतो. तिला हे कळत होतं, आणि तरीही ती स्वतःला समजावत होती की म्हातारा भाऊ असेल, वेड लागलेलं असेल, लोक घरातली अशी माणसं लपवतातच. पटण्यासारखंच होतं ते. तिला पटलं मात्र नाही.

४

सोळा सूचना झाल्या तेव्हा तिनं पेन्सिल खाली ठेवली. "झालं ना काका?"

कल्लाप्पानं पडद्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "आणि एक हाय. पण ती तुमच्या मालकांनी ऐकली पायजे. हसून सोडून द्यायची न्हाई."

"सांगा की."

"तंबूतनं भाईर पडताना 'जातो' म्हणायचं. 'येतो' म्हणायचं न्हाई."

"अहो पण काका, 'जातो' कसं म्हणणार? अशुभ ते."

"म्हणूनच तर आपल्याच माणसांचं चुकतं, तिकडची जाताना 'जातो'च म्हणत्यात," कल्लाप्पा म्हणाला. "आणि तंबूत असताना भाईरनं आपला माणूस बोलला, तर काय म्हणतोय ते नीट ऐकायचं. 'आलो' म्हटला तर तो आपला. 'येतो' म्हटला तर गप बसायचं. तोंडातनं 'या' जाऊ द्यायचं न्हाई. लिवा."

विद्यानं लिहिलं. मग तिनं वही मिटली आणि जे नऊ दिवस ओठावर होतं ते विचारूनच टाकलं.

"आत कोण आहे, काका?"

"माझा थोरला भाऊ. बसवंत." त्यानं ते असं सांगितलं की जसं कुणी घरातल्या कपाटाबद्दल सांगावं. "त्यानंच मला तिकडं न्हेलं व्हतं. दुपारची येळ. ऊन मरणाचं, सगळी तंबूत पडल्याली. पाणी संपलं म्हणून त्यानं डबा उचलला. 'येतो रे कल्लू' म्हटला. मी 'या अण्णा' म्हटलं. रोजचंच की ते. नदी ह्या इथं व्हती, तुमच्या घराएवढी लांब."

"मग?"

"मग न्हाई आला. सांजचं शोधाय गेलो. काठावर नुसता डबा. नदीत मगरी लई व्हत्या, अक्का. डबा घेऊन आलो आणि रडत बसलो."

ओसरीवर ऊन सरकत होतं. रस्त्यावरून मार्केटची बस गेली.

"दुसऱ्या दिवशी दुपारी, तीच येळ, तंबूच्या भाईर डबा खणकला. घसा खाकरला. 'येतो रे कल्लू.' आणि डबा तर माझ्या पायाशी व्हता. मी हात लावून बघितला."

"तुम्ही काय केलंत?"

"दोन दिस तोंडात सदरा कोंबून बसलो. तिसऱ्या दिवशी मनात आलं, आणि खराच तो असला तर? पोहून निघाला असंल, वाट चुकला असंल. उपाशी असंल. थोरला भाऊ भाईर उन्हात उभा ऱ्हाऊन 'येतो' म्हणतोय, आणि मी आत गप." कल्लाप्पानं आतल्या पडद्याकडं हनुवटी हलवली. "म्हटलं, या अण्णा."

"आणि?"

"आणि काय? आत हाय की."

५

तो कॉफी आणायला उठला. स्वयंपाकघर डाव्या हाताला होतं, तिथून तांब्याचा आवाज येत होता. माजघरात विद्या एकटी आणि समोर तो पडदा.

खरं तर आता पळत सुटायला हवं होतं. तिनं पेन्सिल मुद्दाम पाडली. पडद्याचा खालचा काठ जमिनीपासून वीतभर वर होता. पेन्सिल उचलायच्या निमित्तानं ती वाकली, आणि आणखी वाकली, गाल फरशीला टेकेपर्यंत.

पडद्याच्या पलीकडं, अगदी लागून, दोन बूट उभे होते. जुन्या पद्धतीचे, घोट्यापर्यंत नाडीचे. चवडे तिच्याकडं. त्यांना लाल चिखल लागला होता आणि तो ओला होता. नोव्हेंबरात, चामराजपेटमध्ये, आत नळ नसलेल्या खोलीत. उजव्या बुटाशेजारी वरून एक थेंब पडला. मग आणखी एक. तिनं डोळे ताणून बघितलं. थेंब पडत होते आणि फरशी कोरडी होती.

डावा बूट टाचेतून किंचित उचललेला होता, माणूस पुढचं पाऊल टाकायच्या बेतात असतो तसा.

डबा खणकला. तिच्या कानापासून हातभरावर. तिचे आकडे आपोआप सुरू झाले, एक, दोन, तीन.

"उठा अक्का," मागून कल्लाप्पा म्हणाला. त्याच्या हातात कॉफीचे दोन पेले होते आणि तो रागावला नव्हता. "बघितलासा नव्हं? पंचवीस वर्सं झाली. रोज येतोय. अजून 'आलो' म्हटला न्हाई."

विद्या कशीबशी भिंतीला धरून उठली. तरी तिनं विचारलंच. मेली ती खोड जाणार कुठं? "काका, मग तुम्ही... त्यांना 'जा' का नाही म्हणत? आम्हाला सगळ्यांना तर म्हणता."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"तुमास्नी म्हणतो, कारण तुमी सुखरूप जावं. पण त्यो थोरला भाऊ हाय, अक्का. आईमागं त्यानं मला हातानं भरवलंय. त्याला 'जा' कसं म्हणू?"

६

रत्नाकरला तिनं बूट सांगितले नाहीत. सांगितले असते तर त्यानं तिला डॉक्टरकडं नेलं असतं, आणि त्याची तरी काय चूक? तिनं फक्त सुवाच्य अक्षरात सतरा सूचना उतरवून दिल्या. त्यानं त्या शिंप्याकडं बसून वाचल्या, चार खिशांच्या खाकी शर्टाचं माप देता देता.

"सोळा अगदी शंभर नंबरी आहेत," तो म्हणाला. "ही सतरावी कुणाची? तुझी?"

"तुम्ही पाळा म्हणजे झालं."

"बरं बाई."

निघायचा दिवस उजाडला. डिसेंबरची वीस तारीख. खाली टॅक्सी उभी, प्राणेशरावांचा माणूस सामान लावतोय. दारात उभं राहून विद्यानं त्याचा हात धरला. "माझं एक ऐका. 'जातो' म्हणा."

"वेडी की काय? घरातून निघताना?"

"म्हणा ना हो. माझ्यासाठी."

"आईनं ऐकलं असतं ना, तर तुला आधी मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या." तो हसला. त्याची एक सवय होती, बाहेर पडताना चौकटीवर बोटानं दोनदा टकटक करायचा. तशी केली. कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावर वर सरकवला, त्याचं बक्कल वाजलं. "येतो हं, विद्या."

तिनं ठरवलं होतं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पण लहानपणापासूनची सवय ती, मनाच्या आधी जीभ हलते.

"या," ती म्हणाली.

७

पत्रं येत होती. मोंबासाहून एक, नैरोबीहून दोन. जिराफ कसा चालतो, प्राणेशराव तंबूत कसे घोरतात, बुटातून खरंच विंचू निघाला आणि कल्लाप्पाकाकांना साष्टांग नमस्कार सांग. विद्या प्रत्येक पत्र चारदा वाचायची आणि वहीत उतरवून ठेवायची. खाली कल्लाप्पाच्या घरावरून जाताना मात्र ती आता रस्ता बदलायची.

चौथं पत्र फेब्रुवारीच्या सुरुवातीला आलं, नदीकाठच्या मुक्कामावरून.

"तुझ्या सोळा सूचना पाळतो आहे," त्यात लिहिलं होतं. "सतरावी काल मुद्दाम मोडली. दुपारी नदीवर पक्ष्यांची फिल्म घ्यायला निघालो तेव्हा रिकाम्या तंबूकडं वळून मोठ्यानं म्हटलं, 'येतो हं, विद्या.' प्राणेशरावांना वाटलं मला ऊन लागलं. बघ, काही झालं का? काही नाही. परत आल्यावर 'आलो' म्हणायचं तेवढं राहिलं, पण ते म्हणायला समोर होतं कोण? आता उद्या पुन्हा तिथंच जाणार आहे, प्रकाश फार सुंदर असतो."

त्यानंतर पत्र आलं नाही.

पाच आठवडे. विद्यानं स्वतःला सांगितलं, जंगलात टपालपेट्या कुठल्या? मग सांगितलं, बोटीवर असतील. मग सांगायचं काही उरलं नाही, तेव्हा ती रोज टपालवाल्याची वाट बघत जिन्यावर बसायला लागली. मार्चच्या पंधरा तारखेला, मंगळवारी, तार आली. प्राणेशरावांनी केलेली. मंडळी मुंबईला पोहोचली. गुरुवारी बंगळूर. भेटायला येतो.

विद्यानं तारेचा कागद छातीशी धरला. केवढं हलकं वाटलं तिला! मग तिनं तो पुन्हा वाचला. तारेत रत्नाकरचं नाव नव्हतं. पण मंडळी म्हणजे सगळेच आले की नाही? तारेत कोण पसारा लिहितं? आणि 'भेटायला येतो' कशाला लिहिलं, नवरा घरी सोडायला माणूस यायचाच, तेच असेल. तिनं कागदाची घडी घातली आणि रव्याचे लाडू करायला घेतले.

८

बुधवारी दुपारी ती दारामागंच तांदूळ निवडत बसली होती. खाली पिठाची गिरणी चालू होती, तिच्या घरघरीत जिन्यावरचं पाऊल ऐकू आलं नाही. निदान तिनं स्वतःची समजूत तशीच घातली.

चौकटीवर दोनदा टकटक झाली. पट्ट्याचं बक्कल वाजलं.

"येतो हं, विद्या."

तिच्या मांडीवरचं सूप उडालं, तांदूळ घरभर. एक दिवस आधीच! मुंबईत मुक्काम न करता पुढची गाडी पकडली असेल, त्याला दम कुठला निघणार! ती धावली. तिचा हात कडीवर पडला, आणि मग तो शब्द तिच्यापर्यंत पोहोचला.

हात कडीवरच राहिला.

चेष्टा करतोय, तिनं मनाशी म्हटलं. नक्की चेष्टा. त्याला सतरावी सूचना पाठ आहे, तो असंच करणार. चेष्टेखोर मेला. तीन महिन्यांनी दारात येऊन बायकोला घाबरवायचं म्हणजे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं.

"अहो, पुरे हं," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "माझा जीव टांगलाय इथं. आत या म्हणण्याआधी एकदा नीट 'आलो' म्हणा."

बाहेर काही नाही. गिरणी थांबली होती. चामराजपेटची भर दुपार, पण जिन्यात इतकं शांत होतं की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

टकटक. एक, दोन, तीन, बक्कल. चार, पाच.

"येतो हं, विद्या."

'हं' वर तोच हलका हसरा झोका. डिसेंबरच्या वीस तारखेचा.

"आलो म्हणा ना हो," विद्या रडायला लागली. "एकदाच. मी काही विचारणार नाही. कुठं होता, पत्र का नाही लिहिलं, काही काही नाही. नुसतं आलो म्हणा."

दाराखाली दोन बोटं फट होती. वाकलं असतं तर दिसलं असतं. तिनंच पॉलिश केलेले बूट, डाव्याची नाडी तुटली म्हणून तिनंच घातलेली काळी नाडी. ते कोरडे आहेत की ओले, एका क्षणात कळलं असतं. साठ कन्नड शब्द, सतरा सूचना, आकडे मोजून ऐकलेला आवाज. जी बाई जन्मभर प्रत्येक गोष्ट मुळापासून बघत आली होती, ती आयुष्यात पहिल्यांदा बघायचं नाही म्हणून मान ताठ धरून उभी राहिली.

उद्या गुरुवार होता. एक दिवस गप्प बसलं असतं तर प्राणेशराव आले असते. एकटे की दोघं, तेही कळलं असतं. हे सगळं तिला लख्ख समजत होतं. पण उद्या ते एकटेच आले तर? आणि आज दारात उभं आहे ते उत्तर न मिळाल्यामुळं निघून गेलं तर? मग तिच्याजवळ काय उरणार होतं, लाडवांचा डबा आणि एक वही?

टकटक झाली. बक्कल वाजलं.

"येतो हं, विद्या."

कल्लाप्पा कसं म्हणाला असेल, ते तिला आत्ता कळलं. बाहेर आपला माणूस उन्हात उभा आहे आणि आपण आत गप्प आहोत.

विद्यानं पदरानं डोळे पुसले, कपाळावरचे केस सारखे केले, आणि कडी काढली.

"या," ती म्हणाली.